पाणी ‘पिण्यास योग्य’ ठरतं कसं?

१. अहवाल चांगला, माणसं आजारी

हा प्रश्न सोसायटीच्या सभेत हमखास निघतो. दोन मजल्यांवर चार-पाच जणांना जुलाब झालेले असतात, एखाद्या मुलाला टायफॉइड निघालेला असतो आणि सेक्रेटरी हातातला कागद दाखवत सांगतात, ‘अहो, पाण्याचा रिपोर्ट आलाय. पिण्यास योग्य!’ मग खोटं कोण? रिपोर्ट, की पोट?

बहुतेक वेळा दोन्ही खरे असतात. हे कसं, ते समजायचं तर पाण्यातले रोगजंतू कसे ओळखतात हे माहीत हवं, आणि त्याआधी पाणी घरापर्यंत कसं येतं तेही.

मुंबईचंच घ्या. शहराला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी हे दोनच शहराच्या हद्दीत आहेत. मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा यांचं पाणी ठाणे, पालघर आणि नाशिककडच्या डोंगरांतून जाडजूड जलवाहिन्यांनी येतं. भांडुप आणि पांजरापूरच्या केंद्रांत गाळ खाली बसवतात, पाणी वाळूतून गाळतात आणि त्याला क्लोरीन देतात. तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्याबद्दल फारशी तक्रार करायला जागा नसते. पुढे ते टेकड्यांवरच्या सेवा जलाशयांत साठतं आणि विभागाची वेळ झाली की चावीवाला चावी फिरवतो. मग ते तुमच्या रस्त्याखालच्या पाइपात येतं, इमारतीच्या खालच्या टाकीत पडतं, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि शेवटी स्वयंपाकघरातल्या नळाला येतं.

गोम आहे ती ‘वेळ झाली की’ या शब्दांत. आपल्या बहुतेक शहरांत पाणी ठरावीक तासच येतं. उरलेल्या वेळात पाइप अर्धवट रिकामा असतो, त्यात दाब नसतो. दाब असताना पाइपाला भोक असेल तर पाणी बाहेर गळतं. दाब गेला की त्याच भोकातून बाहेरचं पाणी आत येतं, आणि रस्त्याखाली ‘बाहेरचं’ म्हणजे बहुधा शेजारून जाणाऱ्या गटाराचं. त्यात कोणी मोटार लावून लाइनमधून पाणी ओढत असेल तर विचारायलाच नको.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. कर्नाटकातल्या हुबळी-धारवाडमध्ये काही वॉर्डांना चोवीस तास पाणी मिळू लागलं होतं, बाकीच्या शहराला ते दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा मिळत होतं. शुद्धीकरण तेच, पाणीही तेच. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चोवीस तासवाल्या नळांच्या नमुन्यांत मैल्याची खूण १ टक्क्याहून कमी वेळा सापडली. थांबून थांबून येणाऱ्या पाण्यात ती सुमारे ३२ टक्के नमुन्यांत होती. सगळ्यात वाईट पाणी कोणतं? नळ आल्यावर पहिल्या काही मिनिटांत येणारं. चाळीतल्या बायका पहिलं पाणी मोरीत सोडून देतात, त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे.

तेव्हा ‘शहराचं पाणी चांगलं आहे का?’ असा मोघम प्रश्न विचारून काही मिळत नाही. कुठल्या नळाचं आणि किती वाजताचं, ते विचारावं लागतं.

२. कॉलऱ्याचाच जंतू का शोधत नाहीत?

१८८४ च्या सुरुवातीला रॉबर्ट कॉख कोलकात्यात होते. इजिप्तमध्ये कॉलऱ्याचा माग काढता काढता तिथली साथच ओसरली, म्हणून हे जर्मन पथक इकडे आलं होतं. रुग्णांच्या आतड्यात कॉख यांना स्वल्पविरामासारखा वाकडा जीवाणू सापडत होता. पुढे तोच एका वस्तीतल्या तळ्यातही सापडला. त्या तळ्याचं पाणी लोक पीत होते, तिथेच आंघोळी करत होते आणि कॉलऱ्याने गेलेल्या पहिल्या रुग्णाचे कपडेही तिथेच धुतले होते.

रोगाचा जंतू पाण्यात प्रत्यक्ष दाखवून देण्याचा हा मोठाच प्रसंग. मग रोजच्या तपासणीत पालिकेची प्रयोगशाळा असंच का करत नाही? कारण कॉख ऐन साथीत, आजारी वस्तीच्या मधोमध, एकच जंतू शोधत होते. प्रयोगशाळेसमोर रोज शहरभरातून नमुन्यांच्या बाटल्या येऊन पडतात. त्यात कॉलऱ्याचा जीवाणू असेल, टायफॉइडचा असेल, हगवणीचा शिगेला असेल, कॅम्पिलोबॅक्टर असेल, किंवा यातला एकही नसेल. प्रत्येकाचं खाणं वेगळं, त्याला वाढायला लागणारी उष्णता वेगळी. शिवाय ते असतात थोडे आणि पाण्यात सारखे पसरलेलेही नसतात. ज्या तांब्याने माणूस आजारी पडला त्यात ते होते, म्हणून शेजारच्या बाटलीत असतीलच असं नाही.

यावर काढलेली युक्ती मात्र झकास आहे. वरात आली की नाही हे कळायला नवरदेवाचं तोंड पाहावं लागत नाही. बँडवाले दिसले की पुरे. पाण्याने पसरणारे हे बहुतेक जंतू माणसाच्या आतड्यातून, मैल्याबरोबर येतात. मग मैल्यात हमखास आणि अमाप असणारा एखादा जीवाणू शोधावा. तो सापडला तर मैला पाण्यात शिरलाय हे नक्की, आणि मैल्याबरोबर रोगाचा जंतू आज नसला तरी उद्या येऊ शकतो.

हे बँडवाले म्हणजे कोलिफॉर्म जीवाणू. त्यांतला मुख्य ई कोलाय. थिओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञाने १८८५ मध्ये तान्ह्या मुलांच्या विष्ठेत तो शोधला. आपल्या सगळ्यांच्या आतड्यात तो असतो. एक ग्रॅम विष्ठेत कोट्यवधी. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी आहेत, काही थोडे मात्र चांगलेच त्रास देतात. तरी प्रयोगशाळा त्याला शोधते ती तो रोग करतो म्हणून नव्हे. तो कुठून आला हे तिला ठाऊक असतं, म्हणून.

एक अडचण होती. कोलिफॉर्म कुळातले काही भाऊबंद मातीत, पाल्यापाचोळ्यातही राहतात. म्हणजे कधी कधी बँड वाजतो, पण लग्न कुणाचंच नसतं. यातून वाट दाखवली क्रिस्तियान आइकमन यांनी. बेरीबेरीवरच्या कामासाठी पुढे ज्यांना नोबेल मिळालं तेच हे गृहस्थ. १९०४ मध्ये त्यांनी सांगितलं की उष्णता वाढवा. गरम रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात राहणारे तग धरतील, मातीतले बहुतेक मागे पडतील. आजही ही चाचणी साधारण ४४ अंश सेल्सिअसवर करतात.

आपल्याकडचं पिण्याच्या पाण्याचं मानक, आयएस १०५००, यात नियम स्पष्ट आहे. १०० मिलिलिटर नमुन्यात ई कोलाय किंवा उष्णता सोसणारे कोलिफॉर्म अजिबात सापडता कामा नयेत. ‘थोडे चालतील’ हा प्रकारच नाही.

३. बाटली भरणं हीसुद्धा विद्या आहे

पाण्याचा नमुना घ्यायला आलेला माणूस पाहिलात तर त्याच्या निर्जंतुक बाटलीच्या तळाशी काही बारीक पांढरं दिसेल. बाटली नीट धुतलेली नाही असं वाटून कोणी ती विसळून देतो आणि नमुना वाया जातो. ते पांढरं म्हणजे सोडियम थायोसल्फेट. फोटो धुणाऱ्या डार्करूममध्ये ज्याला ‘हायपो’ म्हणत तेच. पाण्यातलं क्लोरीन ते क्षणात निकामी करतं. तसं केलं नाही तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंतच्या वाटेत क्लोरीन बाटलीतले जीवाणू मारत राहील आणि नळावर वाईट असलेलं पाणी प्रयोगशाळेत चांगलं ठरेल.

म्हणून क्लोरीन नळापाशीच मोजतात. छोट्या नळीत पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, गडद पिवळं झालं तर जास्त आहे. आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत सगळे याला ‘ओटी टेस्ट’ म्हणतात. हल्ली डीपीडी नावाच्या गोळीने गुलाबी रंग आणणारी चाचणी अधिक वापरतात. ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं, असं मानक सांगतं. माझं मत विचाराल तर संपूर्ण तपासणीतला हा सगळ्यात कामाचा आकडा आहे, कारण तो उभ्या उभ्या मिळतो. रंगच आला नाही, तर केंद्रात घातलेलं क्लोरीन वाटेत कशावर तरी खर्च झालं, आणि ते ‘काहीतरी’ काय असेल याचा अंदाज तुम्ही करू शकता.

नमुना घेण्याची रीत अशी. नळाच्या तोंडाची जाळी काढायची, तोंड पुसायचं, नळ धातूचा असेल तर ज्योतीने तापवायचा, मग दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट न लावता बाटली भरायची. ती गळ्यापर्यंत भरत नाहीत. हलवायला जागा ठेवतात. नंतर बर्फाच्या पेटीत घालून शक्यतो सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत.

इथे चाणाक्ष वाचक थबकेल. दोन-तीन मिनिटं वाहू द्यायचं? म्हणजे हुबळी-धारवाडमध्ये जे सगळ्यात वाईट निघालं ते पहिलं पाणी सोडूनच द्यायचं की! बरोबर. नळाच्या तोंडावरची घाण मोजली जाऊ नये, पाइपातलं पाणी मोजलं जावं, यासाठी ही रीत आहे आणि चोवीस तास पाणी असणाऱ्या शहरांत ती चोख आहे. पाणी तासाभरापुरतं येणाऱ्या गल्लीत मात्र तिच्यामुळे नेमकं नको ते निसटतं. ‘योग्य’ अहवाल आणि बिघडलेलं पोट एकत्र नांदू शकतात, त्याचं हे पहिलं कारण.

४. पाच नळ्यांचं गणित

बाटली प्रयोगशाळेत आली. आता जीवाणू मोजायचे, पण ते डोळ्यांना दिसत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला तरी १०० मिलिलिटरमधला एखाददुसरा जीवाणू त्या थेंबात सापडण्याची आशा धरू नये. म्हणून त्यांना खाऊ घालून वाढवतात. सगळं मनासारखं असेल तर ई कोलाय दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. आठ तासांत २४ वेळा दुप्पट म्हणजे एकाचे १ कोटी ६७ लाखांहून अधिक. एवढे झाले की ते दिसतात. निदान त्यांनी काय केलं ते तरी दिसतं.

खाऊही असा निवडलेला की नको ते पाहुणे टिकू नयेत. आल्फ्रेड मॅकॉन्की यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केलेल्या या द्रवात पित्तातले क्षार असतात. आतड्यात राहणाऱ्याला पित्ताची सवय असते, इतरांना ते सोसत नाही. सोबत दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, आणि आम्ल झालं की बदलणारा जांभळा रंग. प्रत्येक परीक्षानळीत एक इवलीशी नळी उलटी बुडवलेली असते. कोलिफॉर्म असतील तर ते लॅक्टोज खातात, आम्ल करतात आणि वायू सोडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ३७ अंशांवर ठेवलेला स्टँड बाहेर काढला की जांभळ्या नळ्यांच्या ओळीत एखादी पिवळीधमक दिसते आणि तिच्यातल्या उलट्या नळीच्या टोकाशी वायूचा बुडबुडा अडकलेला असतो. हा निकाल दुरूनही वाचता येतो.

आता मोजणी. समजा पाच नळ्या घेतल्या आणि प्रत्येकीत १० मिलिलिटर नमुना घातला. एकच नळी पिवळी झाली. म्हणजे ५० मिलिलिटरमध्ये निदान एक जीवाणू होता. १०० मध्ये साधारण दोन. तक्त्यात उत्तर मिळतं २.२. तीन नळ्या पिवळ्या झाल्या तर? साधा हिशोब सहा म्हणेल, पण तक्ता सांगतो ९.२. कारण पिवळ्या झालेल्या नळीत एकच जीवाणू होता की तीन, हे कळत नाही. जितक्या जास्त नळ्या पिवळ्या, तितकी एका नळीत अनेक असण्याची शक्यता जास्त, आणि तक्ता ती गृहीत धरतो. चार पिवळ्या झाल्या तर १६. पाचही झाल्या तर नुसतं ‘१६ पेक्षा जास्त’. सतरा असतील, सतरा हजार असतील, या नळ्या सांगू शकत नाहीत. मग नमुना पातळ करून पुन्हा लावावा लागतो. या मोजणीला ‘सर्वाधिक संभाव्य संख्या’ म्हणतात. अहवालातली ‘एमपीएन’ ही तीन अक्षरं ती हीच.

आणि एकही पिवळी झाली नाही तर? तक्ता ‘शून्य’ म्हणत नाही, ‘२.२ पेक्षा कमी’ म्हणतो. आपण पाहिलंच ५० मिलिलिटर. त्याबाहेरच्या पाण्याबद्दल शपथ कशी घेणार? मानक मागतं १०० मिलिलिटर, म्हणून पिण्याच्या पाण्यासाठी दहा नळ्या लावणं किंवा पुढच्या भागातली गाळणी वापरणं बरं.

एवढ्याने झालं नाही. पिवळी नळी म्हणजे फक्त संशय. त्यातला थेंब दुसऱ्या, अधिक कडक द्रवात घालून ४४ अंशांवर ठेवतात. पुन्हा वायू आला आणि कोव्हॅक्सचं द्रावण टाकल्यावर वर लाल कडं उमटलं तर ई कोलाय म्हणायला हरकत नाही. पहिल्या नळ्यांना २४ ते ४८ तास, दुसऱ्यांना तितकेच. निकाल हाती येईपर्यंत तिसरा-चौथा दिवस उजाडतो. ज्या पाण्याचा तो निकाल आहे ते कधीच पिऊन झालेलं असतं.

५. गाळणी आणि चकाकी

याहून आटोपशीर रीत म्हणजे गाळणीची. १०० मिलिलिटर पाणी ०.४५ मायक्रॉन भोकांच्या पांढऱ्या चकतीतून ओढायचं. मिलिमीटरचे हजार भाग केले की एक मायक्रॉन होतो. या भोकांतून जीवाणू पार होत नाहीत. ती चकती खाऊच्या थरावर ठेवली की प्रत्येक जीवाणूच्या जागी दुसऱ्या दिवशी एक ठिपका उगवतो. ठिपके मोजायचे, झालं.

आणखी सोपी रीत रंगांची. ई कोलायजवळ एक खास विकर असतं, म्हणजे ठरावीक रेणू तोडणारं प्रथिन. त्याला तोडायला असा रेणू दिला की तुटल्यावर तो अतिनील दिव्याखाली निळा चमकतो. पावडर टाका, एक दिवस थांबा, दिवा लावा. पण गंमत पाहा: ओ१५७ नावाचा ई कोलायचा एक धोकादायक प्रकार हे विकर सहसा वापरतच नाही, त्यामुळे तो या दिव्याखाली चमकत नाही.

६. नाव विचारायची वेळ

रोजच्या कामाला खुणेचा जीवाणू पुरतो. साथ आली की मात्र डॉक्टरांना नाव हवं असतं, कारण औषध नावावर ठरतं.

कॉलऱ्याचा जीवाणू त्यातल्या त्यात सोपा. त्याला अल्कधर्मी पाणी आवडतं. ८.६ सामू असलेल्या पेप्टोनच्या पाण्यात नमुना घातला की सहा-आठ तासांत तो इतरांना मागे टाकून पृष्ठभागाशी गोळा होतो. तिथला थेंब साखर घातलेल्या हिरव्या आगारावर ओढला की पिवळे, सपाट ठिपके येतात. मग काचपट्टीवर त्यावर ओ१ किंवा ओ१३९ या त्याच्या प्रकारांविरुद्धचं रक्तद्रव टाकायचं. डोळ्यांदेखत गुठळ्या झाल्या की ओळख पटली. यातला ओ१३९ हा प्रकार १९९२ साली पहिल्यांदा आपल्याच देशात, मद्रासमध्ये दिसला.

हा जीवाणू पाण्यातल्या बारीक जलचरांना चिकटून राहतो. रीटा कोलवेल यांच्या गटाने बांगलादेशातल्या खेड्यांत बायकांना जुन्या सुती साडीच्या अनेक घड्या करून त्यातून पाणी गाळायला शिकवलं, आणि तिथे कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी झाला, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. यावरून नळाला फडकं बांधणाऱ्यांनी मात्र निश्चिंत होऊ नये. तळ्यातला जीवाणू जलचरावर बसून येतो म्हणून कापडात अडकतो. गटारातून पाइपात आलेला सुटा जीवाणू फडक्यातून आरामात निघून जातो.

टायफॉइडचं उलट आहे. पाण्यातून तो हाती लागणं फार कठीण, आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे उशीर. तो जीवाणू पोटात गेल्यावर ताप यायला एक ते तीन आठवडे लागतात. रुग्ण दवाखान्यात आल्यावर नळाचं पाणी तपासायचं, म्हणजे तीन आठवड्यांपूर्वीच्या चोराला आज दारात शोधायचं. ब्रेंडन मूर यांनी इंग्लंडमध्ये यावर उपाय काढला. १९४८ मध्ये त्यांनी तो लिहून ठेवला. पॅराटायफॉइडचा जंतू शहरात कोण बाळगतंय हे शोधायला त्यांनी गटारात दोऱ्याने गॉजचे बोळे टांगले. एका बाटलीत एका क्षणाचं पाणी येतं. बोळ्यातून दोन-तीन दिवसांचं वाहून जातं आणि जंतू त्यात अडकतात. बोळा ‘हो’ म्हणाला की गटाराच्या वरच्या फाट्यांवर नवे बोळे. असं करत करत ते थेट घरापर्यंत पोचत.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात हा उशिराचा प्रश्न फार तीव्रपणे समोर आला. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव (मराठवाड्यातलं नव्हे, खडकवासल्याजवळचं), किरकटवाडी, धायरी या भागांत माणसांच्या पायांतली शक्ती अचानक जाऊ लागली. आजार होता गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. संशयित रुग्ण दोनशेवर गेले, काही दगावले. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत रुग्णांचे शौचाचे नमुने तपासले तेव्हा काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि काहींत नोरोव्हायरस सापडला.

कॅम्पिलोबॅक्टरचे जुलाब चार दिवसांत थांबतात. पण त्याच्या कवचावरचे काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे दिसतात. शरीर त्या जीवाणूवर हत्यार उगारतं आणि हजारात एखाद्या माणसात ते हत्यार स्वतःच्याच मज्जातंतूंवर पडतं. हे व्हायला जुलाबानंतर एक ते तीन आठवडे लागतात. म्हणजे पाय लुळे पडले त्या दिवशीच्या पाण्याला काय विचारणार? वर हा जीवाणू भलता नाजूक. हवेतला एकवीस टक्के ऑक्सिजन त्याला मानवत नाही, पाचेक टक्के लागतो; ४२ अंश उष्णता लागते; वाढायलाही ४८ तास घेतो. कोंबडीच्या आतड्यात तो सुखाने राहतो, त्यामुळे माग पाण्याकडेच जातो असंही म्हणता येत नाही.

संशय त्या पट्ट्याला पाणी पुरवणाऱ्या विहिरीवर गेला. तपासणीत काही नळांच्या पाण्यात क्लोरीन शून्य निघालं. वस्त्यांत जारचं पाणी विकणाऱ्या अनेक खासगी प्रकल्पांच्या नमुन्यांत कोलिफॉर्म निघाले आणि महापालिकेने ते प्रकल्प बंद केले. ‘आरओचं पाणी’ या शब्दांवर डोळे झाकून विश्वास ठेवणाऱ्या शहराला ही गोष्ट जिव्हारी लागली. नाव सापडलं ते रुग्णांच्या शौचात. पाण्याबाबत हालचाल झाली ती मात्र क्लोरीनचा रंग आणि जांभळ्या-पिवळ्या नळ्या पाहून.

७. नवरदेव बँडशिवाय आला तेव्हा

१९५५ च्या नोव्हेंबरात दिल्लीला यमुनेचं पाणी उपसणाऱ्या वजिराबाद केंद्राजवळ नदीच्या प्रवाहाने जागा बदलली आणि नजफगड नाल्याचं सांडपाणी उपशाच्या जागेकडे मागे फिरलं. अभियंत्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी क्लोरीन वाढवलं. टायफॉइड, हगवण यांची साथ आली नाही, जीवाणू मेले. शहराने सुटकेचा निःश्वास टाकला. डिसेंबरात कावीळ सुरू झाली आणि जानेवारीपर्यंत सुमारे २९ हजार लोक पिवळे पडले.

कारण होतं एक विषाणू. वाढवलेलं क्लोरीन जीवाणूंना पुरलं, विषाणूला पुरलं नाही. बँड गायब, नवरदेव हजर. तेव्हा तो कुठला हे कोणालाच माहीत नव्हतं. जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून १९८० साली दाखवून दिलं गेलं की ही कावीळ ‘ए’ची नव्हे आणि ‘बी’चीही नव्हे; त्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ होते. पुढे त्या विषाणूला हिपॅटायटिस ई हे नाव मिळालं.

‘योग्य’ अहवालाचं हे दुसरं कारण: चाचणी ज्याला शोधते त्याच्यापेक्षा चिवट कोणीतरी पाण्यात असतं. म्हणून पाणी गढूळ नाही ना हेही पाहावं लागतं. मातीच्या कणांआड लपलेल्यांपर्यंत क्लोरीन पोचत नाही.

८. यंत्राला नाव कळतं, जीव कळत नाही

‘एवढ्या खटाटोपापेक्षा पीसीआर करा की,’ असं कोविडनंतर कोणीही म्हणेल. पीसीआर म्हणजे जंतूच्या डीएनएतला एक ठरलेला तुकडा पुन्हा पुन्हा दुप्पट करणं. तीस फेऱ्यांत एकाचे १०७ कोटी होतात. काही तासांत कळतं की टायफॉइडच्या जीवाणूचा डीएनए इथे आहे.

पण डीएनए मेलेल्या जीवाणूचाही असतो. क्लोरीनने चोख काम केलेल्या पाण्यातही पीसीआर ‘आहे’ म्हणू शकतो. उलट बाजूला, थंडीने, उपासमारीने किंवा क्लोरीनच्या माराने काही जीवाणू अशा सुप्त अवस्थेत जातात की जिवंत असून खाऊवर वाढत नाहीत; नळ्या त्यांना ‘नाहीत’ म्हणतात. म्हणून दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचायचे असतात. पिण्याच्या पाण्यापेक्षा सांडपाण्यात हे तंत्र जास्त उपयोगी पडतं, कारण तिथे जंतू भरपूर असतात आणि एका नाल्यात हजारो घरांची खबर मिळते. मुंबईत पोलिओचा माग या शतकाच्या सुरुवातीपासून सांडपाण्यातून घेतला जातो.

९. तुमच्या इमारतीचा नमुना

आता सेक्रेटरींच्या हातातल्या कागदाकडे. त्यावर पहिल्यांदा नमुन्याची जागा पाहा. ‘सोसायटीचा नळ’ एवढंच लिहिलं असेल तर त्यातून फारसं कळत नाही. नमुने तीन हवेत: खालच्या टाकीत पाणी पडतं तिथल्या डायरेक्ट लाइनचा, खालच्या टाकीचा आणि एखाद्या घरातल्या स्वयंपाकघराचा. तिन्ही ठिकाणी ओटी टेस्ट त्याच वेळी.

समजा डायरेक्ट लाइनला क्लोरीन ०.३ आणि ई कोलाय नाही, खालच्या टाकीत क्लोरीन शून्य आणि पाचांपैकी तीन नळ्या पिवळ्या, घरातही तसंच. मग पालिकेला पत्र लिहिण्याआधी टाकीची तडा गेलेली भिंत आणि तिच्यापासून दोन फुटांवरचा ड्रेनेजचा चेंबर पाहावा. डायरेक्ट लाइनलाच क्लोरीन नसेल, तर बिघाड रस्त्यात आहे. पालिकेच्या पाणी खात्याला वॉर्ड, गल्ली आणि पाणी येण्याची वेळ लिहून कळवावं, आणि शेजारच्या दोन इमारतींनाही नमुने द्यायला सांगावं, म्हणजे फुटलेली जागा कुठल्या दोन जोडण्यांच्या मधे आहे ते कळतं. लाइन आणि टाकी दोन्ही स्वच्छ आणि घरातलं पाणी तेवढं खराब असेल, तर दोष गच्चीवरच्या टाकीत असतो. उघडं झाकण आणि कबुतरं.

टाकी धुऊन, ब्लीचिंग पावडर टाकून दुसऱ्याच दिवशी घेतलेला नमुना जवळपास नेहमीच चांगला येतो, म्हणून तो फाइलला लावून थांबू नये. एक नमुना आठ-दहा दिवसांनी घ्यावा आणि एक ऐन पावसाळ्यात, पाणी यायच्या वेळी, नळ सुटल्याबरोबर. या शेवटच्या बाटलीवर ‘पहिलं पाणी’ असं ठळक लिहावं, नाहीतर प्रयोगशाळेतला माणूस तुम्हाला नमुना घेता येत नाही असं समजून ती परत पाठवेल.